दहा वर्षांच्या मुलीला थेट इलेक्ट्रिक गिटार द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला इलेक्ट्रिक गिटारच हवी आहे. घरातले आणि ओळखीचे म्हणतात, आधी वर्षभर अकूस्टिकवर हात बसू दे, बोटं टणक होऊ देत, मग इलेक्ट्रिकचं बघू. त्यात ती डावखुरी आहे. तर सुरुवात कशावर करावी, गिटार केवढी घ्यावी, वय कमी तर पडत नाही ना, आणि डाव्या हाताचं काय करायचं?

मी वीसेक वर्षं मुलांना गिटार शिकवते आहे आणि गिटारींचे सेटअपही करते, म्हणजे तारांची उंची वगैरे लावून देते. माझं उत्तर सरळ आहे: थेट इलेक्ट्रिक द्या. दहा हे वय छान आहे. सात-आठ वर्षांची मुलंही नीट शिकतात, फक्त त्यांना गिटार लहान लागते आणि धडा छोटा लागतो. पण अकूस्टिक की इलेक्ट्रिक यावर जेवढी चर्चा होते, तेवढी दुसऱ्या दोन गोष्टींवर होत नाही, आणि मुलांनी गिटार सोडलेली मी पाहिली ती बहुतेक वेळा त्या दोन गोष्टींपायी. एक, हातात आलेली गिटार नीट लावलेली नसते. दोन, इलेक्ट्रिक म्हणजे मोठ्या आवाजाची अकूस्टिक असं समजून ती शिकवली जाते. इलेक्ट्रिक हे स्वतंत्र वाद्य आहे आणि त्याचा पहिला धडाही वेगळा आहे. बाकी सगळं मी याच अंगाने सांगणार आहे.

आधी बोटांचं. अकूस्टिकवर लोखंडी तारांचा जो संच सर्रास लागतो, त्यातली सगळ्यात बारीक तार 0.012 इंचांची, म्हणजे साधारण 0.30 मिलिमीटर जाडीची असते. वादक त्याला नुसतं '12 चा सेट' म्हणतात. इलेक्ट्रिकवर नवशिक्याला 9 चा सेट लावतात, म्हणजे पहिली तार 0.23 मिलिमीटरची. आकड्यांत फरक किरकोळ दिसतो. पण लांबी तीच आणि सूर तोच ठेवला तर तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर 9 च्या तारेवर 12 च्या तारेच्या जेमतेम 56 टक्के ताण येतो. दहा वर्षांच्या बोटाला हा फरक पहिल्या मिनिटात कळतो. अकूस्टिकवर तिसरी तारही (तारा बारीक तारेपासून मोजतात) बहुधा वेटोळ्याची, म्हणजे वर दुसरी तार गुंडाळलेली असते, तीही बोटाला जास्त बोचते. बोटांची टोकं दोन-चार आठवड्यांत घट्ट होतात, ती इलेक्ट्रिकवरही होतात. त्यासाठी वर्षभर वेगळ्या वाद्यावर घासत बसायची गरज नाही.

मग नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार द्यावी का, असंही विचारतात. तारा मऊ असतात हे खरं, पण मान रुंद असते. नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला जिथे तारा खाचांतून जातात तिथे, ती साधारण 52 मिलिमीटर भरते. इलेक्ट्रिकची 42-43 च्या आसपास असते. लहान हाताला ते एक सेंटिमीटर फार असतं. अंगठा मागे नीट टेकत नाही, मनगट मोडतं आणि बोटं आडवी पडतात.

अकूस्टिक की इलेक्ट्रिक हे कशावर अवलंबून आहे तेही सांगते. तुमच्या मुलीच्या कानात कोणता आवाज आहे, यावर. तिला स्वतः गात गात साथ करायची असेल, एकटीने वाजवायचं असेल आणि वायरींचा खटाटोप नको असेल, तर अकूस्टिकच द्या. तिथे तिला त्रास होईल, पण ती तो सोसेल, कारण हवा तो आवाज हातातून येत असेल. तुम्ही लिहिलंय की तिला इलेक्ट्रिकच हवी आहे, म्हणजे तिने तो आवाज ऐकून ठरवलंय. ज्याला डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेला, भरदार आवाज हवा आहे त्याला वर्षभर अकूस्टिकवर बसवलं, तर तो आपल्याला नको असलेलं वाद्य शिकत असतो. अशी मुलं चौथ्या-पाचव्या महिन्यात गळलेली मी पाहिली आहेत.

आता आकार. सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथपर्यंत, तारेची वाजणारी लांबी, म्हणजेच स्केल. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर घराण्याच्या गिटारीत ती 648 मिलिमीटर असते, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल घराण्यात 628 च्या आसपास. त्याखाली 610 च्या आखूड स्केलच्या गिटारी येतात, आणि मुलांसाठीच्या 'मिनी' गिटारी 578 च्या आसपास. शिकणाऱ्यांसाठी छोटी इलेक्ट्रिक ही काही नवी कल्पना नाही. फेंडरने 1956 मध्येच म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक या साडेबावीस इंची स्केलच्या, म्हणजे 572 मिलिमीटरच्या, विद्यार्थी गिटारी काढल्या होत्या.

दहा वर्षांची मुलगी 610 वर आरामात बसते. उंचीने जरा जास्त असेल तर 628 सुद्धा चालेल. घेण्याआधी एकच गोष्ट पाहा: तिला खुर्चीत बसवा, गिटार मांडीवर द्या आणि पहिल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी नटजवळच्या पहिलीपर्यंत, हात न्यायला सांगा. कोपर किंचित दुमडलेलं राहिलं आणि खांदा पुढे ओढला गेला नाही, तर माप बरोबर आहे. हात सरळसोट ताणला गेला तर एक माप खाली या. वजनही हातात घेऊन बघा. मोठ्या गिटारी साडेतीन-चार किलोंपर्यंत जातात, आणि तो भार पट्ट्यावरून एकाच खांद्यावर येतो.

मिनी घेतलीत तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. लांबी कमी केली की त्याच सुराला ताणही कमी लागतो. 648 ऐवजी 578 केलं की ताण सुमारे 20 टक्क्यांनी घटतो. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण 9 च्या तारा अशा ढिल्या पडल्या की मूल जरा जोरात दाबतं आणि सूर वर चढतो. मग सगळं बेसूर ऐकू येतं आणि कारण कुणाला कळत नाही. म्हणून मिनीवर मी 10 चा सेट लावते. त्याने मोठ्या गिटारीवरच्या 9 च्या सेटइतकाच ताण जवळजवळ परत मिळतो. पुष्कळ मिनी गिटारी उगाच बेसूर म्हणून बदनाम झाल्या आहेत. एक तारांचा सेट बदलला की त्या सुधारतात.

ब्रिज पक्का बसवलेला घ्या. ज्या गिटारीला हलणारा ब्रिज आणि दांडा असतो ती मुलांना फार आवडते, पण त्यातला ब्रिज स्प्रिंगवर तरंगता असेल तर एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. सूर लावणं हेच ज्याला अजून शिकायचं आहे त्याच्या हातात हे देऊ नये. पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलून अॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, पाठवणारा भाग. त्याबद्दल एवढंच: एका कॉइलचे पिकअप घरातल्या विजेची गुणगुण पकडतात, त्यामुळे हलकी 'हम्म' ऐकू आली म्हणून गिटार बिघडली असं समजू नका. दोन उलट कॉइल जोडून ती गुणगुण मारणारा हम्बकर सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी 1955 मध्ये तयार केला. भारी, जाड आवाजाची ओढ असेल तर ब्रिजपाशी हम्बकर असलेली गिटार तिला जास्त आनंद देईल.

यानंतर सेटअप, आणि इथे मी थांबून बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

एक अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. आधी सहा महिने शिकून झाले होते, आणि "याची बोटं कमजोर आहेत" असं त्याला सांगण्यात आलं होतं. मी त्याला दोन तारांची साधी पॉवर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) वाजवायला सांगितली. चौथ्या फेरीला त्याने हात सोडला आणि झटकला. बोटांची टोकं बघितली तर तारांचे खोल वळ, लालबुंद. मी त्याची गिटार मांडीवर घेतली, स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरली आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजलं. साडेतीन मिलिमीटर. मान पुढे वाकली होती आणि नटच्या खाचा उथळ होत्या, म्हणजे पहिल्या फ्रेटपाशीही तारा उंच उभ्या होत्या. मानेतली सळई पाव फेरा घट्ट केली, ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते छोटे आधार, खाली घेतले, खाचा कानशीने थोड्या खोल केल्या. जाड तारेखाली दोन मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड. गिटार परत त्याच्या हातात दिली. तो वाजवत राहिला. मी घड्याळाकडे पाहत होते, आठ मिनिटं झाली तरी त्याने हात झटकला नव्हता. त्याच्या बोटांत त्या पाऊण तासात काहीही बदललं नव्हतं. सहा महिने त्या मुलाने स्वतःला कमजोर समजून काढले, याचा मला आजही राग येतो.

म्हणून गिटार आणली की ही दोन मापं तुम्ही घरीच घ्या. बाराव्या फ्रेटवरची उंची वर सांगितली तशी. आणि नटसाठी: तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली बघा. तिथे केसाएवढी फट हवी. नजरेत भरेल एवढी दिसली तर नट उंच आहे. सॅडल खाली-वर करणं बारीक अ‍ॅलन चावीने कुणालाही जमतं. नटच्या खाचा आणि मानेची सळई मात्र जाणत्याकडूनच करून घ्या, खाच एकदा जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो. नवी गिटारही दुकानातून नीट लावूनच येते असं समजू नका.

पूर्ण मापाची गिटार आधीच घरात असेल तर एक सोपी युक्ती आहे: सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा. ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो. ब्लॅक सब्बाथ या रॉक बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोकं 1965 मध्ये कारखान्यातल्या अपघातात गेली. त्यांनी बोटांना टोपणं बनवून घेतली, हलक्या तारा शोधल्या आणि पुढे तारा उतरवून वाजवायला लागले. त्यातून आलेला जड आवाज पुढच्या कित्येक वादकांनी उचलला. तारा हलक्या करणं ही पळवाट वाटून घेऊ नका. फक्त उतरवलेली गिटार मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर किंवा शिक्षकाच्या गिटारीबरोबर जुळणार नाही, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी ती मूळ पट्टीत आणा.

आता पहिला धडा. अकूस्टिकवर मोकळी राहिलेली तार घुमली तर आवाज भरल्यासारखा वाटतो, कानाला गोड लागतं. इलेक्ट्रिकवर तीच मोकळी तार पिकअप उचलतो आणि अ‍ॅम्प मोठी करून बाहेर फेकतो. डिस्टॉर्शन लावलं की ती कोकलतेच. म्हणून इलेक्ट्रिक वाजवणाऱ्याचं निम्मं काम नको त्या तारा गप्प ठेवणं हे असतं. अकूस्टिकवर वर्ष काढून आलेल्या मुलांना मी हे शिकवते तेव्हा त्यांची सहाही तारा घुमू द्यायची सवय आधी सोडवावी लागते. तुमच्या मुलीला ती सवय लागलेलीच नाही, हा तिचा फायदा आहे.

मी पहिल्याच दिवशी एक खेळ देते. चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला पहिलं बोट ठेवायचं. आता पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पत्तीने, सहाच्या सहा तारांवरून बेधडक झटका मारायचा, पण ऐकू आली पाहिजे फक्त चौथी. कसं जमतं? दाबणाऱ्या बोटाचं टोक जरा पुढे काढून पाचव्या तारेला नुसतं टेकवायचं, ती गप्प. त्याच बोटाचं पोट आडवं सैल सोडायचं, ते खालच्या तीन बारीक तारांवर अलगद पडतं, त्या गप्प. उरली सहावी, तिच्यावर पिकच्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजपाशी टेकवायची. पहिल्या दहा झटक्यांत गोंगाट होतो. मग कधीतरी एक झटका असा लागतो की एकच सूर, गोल आणि स्वच्छ, बाहेर येतो. त्या क्षणी मुलं मान वर करून माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही, त्यांना पुन्हा वाजवू देते.

दुसरा खेळ दाबण्याचा. बोट तारेवर नुसतं टेकवायचं आणि पिक मारत राहायचं: ठक, ठक. मग अगदी हळूहळू जोर वाढवायचा. ठकठक संपून घर्रघर्र सुरू होते, आणि घर्रघर्र संपून सूर सुटतो. जिथे सूर सुटला तिथे थांबायचं, त्यापुढे एक कणही दाबायचं नाही. आता तेच बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून ठेवून बघायचं, पट्टीच्या मागे पण लगतच. तिथे किती कमी जोर पुरतो हे मुलांना स्वतःलाच जाणवतं, सांगावं लागत नाही. जवळजवळ सगळी नवशिकी मुलं गरजेच्या दुप्पट जोर लावतात आणि तोच जोर मनगटात, खांद्यात, दातांत जाऊन बसतो.

पाचवा फ्रेट मी मुद्दाम घेते. 648 च्या गिटारीवर नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंत 36 मिलिमीटरचं घर असतं, तर चौथ्या आणि पाचव्या फ्रेटमधलं घर 29 मिलिमीटरचं. शिवाय नटच्या जवळ तार दाबायला जास्त जोर लागतो. तरीही बहुतेक पुस्तकं पहिल्या फ्रेटपासूनच सुरू होतात, कारण तिथल्या कॉर्ड अकूस्टिकवर शिकवायची जुनी पद्धत आहे. इलेक्ट्रिकवर तो आग्रह कशाला? पाचव्या फ्रेटवर सुरुवात करा, हात उघडायला लागला की दोन-तीन आठवड्यांनी खाली या.

खाली आल्यावर कॉर्ड द्यायच्या त्या तीन तारांच्या. खालच्या तीन बारीक तारा एकही बोट न ठेवता वाजवल्या तर ती ई मायनर आहे. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला एक बोट ठेवलं की जी मेजर. ते काढून दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला ठेवलं की सी मेजर. एका बोटाने तीन खऱ्या कॉर्ड झाल्या, आणि यांत साथ करण्याजोगी कितीतरी गाणी बसतात. सहा तारांच्या मोठ्या आकारांची घाई नको. एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या बॅरे कॉर्डला तर पहिल्या वर्षात हात घातला नाही तरी काही बिघडत नाही.

तोवर जाड तारांवर पॉवर कॉर्ड शिकवा. यात फक्त मूळ सूर आणि त्याचा पंचम असतो. डिस्टॉर्शनमध्ये सुरांच्या एकमेकांतून नवेच सूर तयार होतात. गंधार मिसळला की त्या गर्दीत सगळं गढूळ होतं. सा-प मात्र 3:2 च्या साध्या प्रमाणात असल्यामुळे आवाज जाड होऊनही स्वच्छ राहतो. म्हणून या वाद्यावर दोन सुरांची कॉर्ड ही अपुरी कॉर्ड नसते, ती मुळातच त्या आवाजासाठी घडलेली आहे. दहा वर्षांच्या हाताला पहिलं आणि तिसरं बोट, दोन तारा, एवढंच लागतं. पाचव्या-सातव्या फ्रेटपाशी ते सहज पोचतं.

डिस्टॉर्शन कधी द्यायचं यावर शिक्षकांत मतभेद आहेत. काही जण सहा महिने हातच लावू देत नाहीत. मी पहिल्या आठवड्यात देते, कारण मूल त्यासाठीच आलेलं असतं. एक पथ्य मात्र ठेवते: रियाजाचा पहिला अर्धा भाग क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या, आवाजात, दुसरा डिस्टॉर्शनमध्ये. क्लीनमध्ये पिकचा कमी-जास्त झालेला घाव लगेच उघडा पडतो, डिस्टॉर्शन तो झाकून टाकतं. उलट क्लीनमध्ये चुकून घुमलेली तार खपून जाते, ती डिस्टॉर्शनमध्ये लपत नाही. दोन्ही आवाज मिळून हात तपासतात. डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारी गेनची खुंटी मात्र निम्म्याच्या वर नेऊ देऊ नका.

रियाज रोज दहा ते पंधरा मिनिटांचा पुरतो. रविवारी एकदम दीड तास बसवलं तर बोटं दुखतात आणि हातात काही उरत नाही. आणि गिटार पेटीत ठेवू नका. स्टँडवर, तिच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर ठेवा. अ‍ॅम्पची वायर लावलेली, पिक वर ठेवलेलं. उचलल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत अर्धा मिनिटही लागू नये. पेटी उघड, वायर शोध, पिक शोध, सूर लाव, यातच मुलांचा हुरूप जातो. पहिले महिनाभर सूर तुम्ही लावून द्या. मानेच्या टोकाला चिमट्यासारखा बसणारा ट्यूनर असतो, त्यावर जाडीकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर लागले की झालं. दुसऱ्या महिन्यापासून ती स्वतः लावेल, तुम्ही फक्त तपासा. मेट्रोनोम मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणते, मिनिटाला 60 ठोक्यांवर. त्याआधी पायाने ताल धरायला लावते, तो अंगात आधी यायला हवा.

तिने टॅब, म्हणजे तारांसाठी रेघा आणि फ्रेटसाठी आकडे अशी गिटारीची लिपी, बघून वाजवायला घेतलं तर एक गोंधळ होईल, तो आधीच सांगून ठेवा: टॅबमध्ये सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, जी हातात सगळ्यात खाली असते.

अ‍ॅम्प छोटा घ्या, पाच-दहा वॅटचा, हेडफोन लावता येणारा. हेडफोनचा आवाज तुम्ही स्वतः कानाला लावून ठरवा आणि खुंटीवर खूण करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या निकषांत मुलांसाठी आठवड्याला 40 तास 75 डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याचा जेमतेम सव्वा तास उरतो. मला विचाराल तर जमेल तेव्हा स्पीकरवरच वाजवू द्या. कानाला बरं असतं, आणि तिचं वाजवणं तुमच्याही कानावर पडतं. आणखी एक, अ‍ॅम्पला अर्थिंग असलेलाच प्लग हवा. इलेक्ट्रिकच्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते ठीक आहे. पण हाताला मुंग्या आल्या, झिणझिणलं, तर लगेच बंद करा आणि घरातलं वायरिंग आणि अ‍ॅम्प दोन्ही तपासून घ्या.

बसून वाजवताना गिटार छातीपाशी जिथे असते तिथेच ती उभं राहूनही असावी, पट्टा तेवढाच आखूड करा. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार दिसायला भारी दिसते, पण मनगट काटकोनात मोडतं. शिक्षकाबद्दल माझा आग्रह एवढाच की पहिल्या तीन महिन्यांत कुणीतरी समोर बसून हात बघणारं हवं. पुढे व्हिडिओवरून खूप शिकता येतं, पण व्हिडिओला तिचं मनगट दिसत नाही.

शेवटी डावखुरेपण. यावर एकच उत्तर नाही. रॉक गिटारवादक मार्क नॉप्फ्लर डावखुरे असून उजव्या हाताची गिटार वाजवतात. रॉकचेच जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी करून, तारांचा क्रम बदलून वाजवायचे. आयोमी डाव्या हाताचीच वाजवतात. तुम्ही एक करा: तिच्या हातात काहीही न देता, काहीही न समजावता म्हणा, "गिटार वाजवून दाखव बघू." दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सहज बोलता बोलता. ती दर वेळी डाव्या हाताने तारा छेडल्याचा आव आणत असेल तर डाव्या हाताची गिटार घ्या. निवड कमी मिळेल, पण ताल ज्या हातात आहे तो हात छेडायलाच लागतो. कधी असं कधी तसं करत असेल तर उजव्या हाताची द्या, पुढे कुठलीही गिटार उचलून वाजवता येईल. उजव्या हाताच्या गिटारीला उलट्या तारा लावून काम भागवू नका. नटच्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, ब्रिजचे सॅडलही त्या क्रमाने पुढे-मागे लावलेले असतात, आणि आवाजाच्या खुंट्या नेमक्या कोपराखाली येतात. एकदा ठरलं की पहिल्या दोन महिन्यांत बदलू नका. तेवढा काळ दोन्ही हात कुणालाही परकेच वाटतात.

गिटार आली की बाराव्या फ्रेटवरचं माप आणि तिसरा फ्रेट दाबून पहिल्यावर दिसणारी फट, एवढं मला कळवा. सॅडल किती खाली घ्यायचे ते मी सांगेन.